तात्पुरती फाइल, कायमचे नुकसान

नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने अनेक पिढ्यांना सी भाषा शिकवली. त्यात कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणारा एक प्रोग्राम आहे. एखादी नोंद काढायची झाली, की तो उरलेल्या नोंदी 'टेम्प डॉट डॅट' या फाइलीत उतरवतो, मूळ फाइल पुसतो आणि नव्या फाइलीला मूळ नाव देतो. कल्पना स्वच्छ आहे. तक्रार आहे ती ठरलेल्या नावाविषयी.

वसईतल्या एका संगणक वर्गात लिनक्सवर काम चालले होते. दोन विद्यार्थ्यांनी एकाच सामाईक फोल्डरमध्ये हा प्रोग्राम चालवला. मुख्य फाइलींना आपापली नावे दिली, तात्पुरत्या फाइलीचे नाव मात्र पुस्तकातलेच ठेवले. शिवाय प्रत्येक नोंदीला 'ही काढू का?' असे विचारण्याची सोय केल्याने ती फाइल बराच वेळ उघडी राहिली. शेवटी एकाच्या फाइलीत दुसऱ्याच्या नोंदी शिरल्या आणि दुसऱ्याची मूळ फाइलच नाहीशी झाली. दोघेही आपल्या लूपमधली चूक शोधत बसले!

पुस्तकाला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. डॉसवर एका वेळी एकच माणूस, एकच प्रोग्राम असे. तेथे हे नाव चालून जाई. परिस्थिती बदलल्यावरही धडा तसाच शिकवणे, ही चूक आपली.

यावर 'टीएमपीनेम' हे फंक्शन सुचवले जाते. ते न वापरलेले नाव सांगते, पण फाइल उघडत नाही. विरार लोकलमध्ये 'खिडकीजवळची जागा रिकामी आहे' असे कोणी सांगावे आणि आपण पोहोचेपर्यंत तेथे दुसराच बसलेला असावा, तसे हे आहे. जागा दिसणे वेगळे, बसणे वेगळे. 'टीएमपीफाइल' फाइल उघडूनच देते आणि ती बंद होताच पुसली जाते. कच्च्या कामाला हे उत्तम. पण तिला पुढे मूळ फाइलीचे नाव देता येत नाही.

आपल्या प्रोग्रामसाठी लिनक्सवर 'एमकेएसटेम्प' योग्य. शेवटी सहा 'एक्स' असलेला नमुना दिला, की ते नवे नाव शोधणे आणि फाइल निर्माण करणे एकाच पावलात करते. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर दुसरे नाव घेते. ही फाइल मूळ फाइलीच्याच फोल्डरमध्ये करावी. वेगळ्या डिस्कवर असेल तर नाव बदलणे फसते. लिनक्सवर नाव बदलताना जुन्या फाइलीची जागा नवी फाइल थेट घेते, म्हणून मूळ फाइल आधी पुसूही नये. प्रोग्राम मध्येच बंद पडला, तरी जुनी किंवा नवी, एक फाइल शाबूत राहते.

शिक्षकांनी हा प्रोग्राम वर्गात दोन खिडक्यांतून एकाच वेळी चालवून दाखवावा. मुलांना नोंदी हरवताना दिसल्या, की पुढचे समजावणे सोपे जाते.