‘उपास’ पुन्हा वाचताना

गेल्या वर्षी शस्त्रक्रियेने माझ्या जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढण्यात आला. पातळ अन्नावर दिवस काढताना अमरावतीच्या घरी ‘बटाट्याची चाळ’ पुन्हा हाती आली. १९५८ सालच्या या पुस्तकातला ‘उपास’ मी पूर्वी पोट धरून हसत वाचला होता. आता धरायला पोटच फारसे उरले नव्हते!

पु. ल. देशपांडे यांनी लठ्ठ माणसाच्या दुबळ्या मनाची टिंगल केली, असे मला तेव्हा वाटे. ते मत मी मागे घेतो. लेखाचा खरा विषय उपास करणारा नसून त्याच्याभोवती जमणारे सल्लागार आहेत. भूक एकट्याची, पथ्य मात्र साऱ्या चाळीचे!

दाखला अकोल्यास मिळाला. भाऊबीजेला ताईने पान वाढले. “एवढुशानं काय होते रे तुले? घे अजून!” भिडेखातर दोन अनारसे खाल्ले, छाती धडधडू लागली, दरदरून घाम फुटला. जठर लहान करता येते, आग्रह नाही.

एक उणे मात्र नोंदवले पाहिजे. ‘उपास’ निश्चय मोडला की हसून संपतो. आमचे तसे नाही. प्रथिने, जीवनसत्त्वे, घासाघासाचे चर्वण, हे जन्मभराचे व्रत आहे. त्यात हशाला पडदा पाडता येत नाही.

तरी ऋण मोठे आहे. तो लेख मी ताईला वाचून दाखवला. ती पोटभर हसली, मग गप्प झाली. यंदा तिने माझ्यासाठी लहान वाटी निराळी काढून ठेवली आहे.