कोयता कुणाचा?

आपल्या कवितेत कोयता लई चमकतो. कवी तो हवेत उगारतो अन् क्रांती झाली म्हणतो. मीपण तेच केलं. जिनिंगातली रात्रपाळी संपवून कोयत्यावर कविता लिहिली, आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आरं, कोयता म्हंजी मी अन् तुझा बाप."

खरंय. आमच्या बीड जिल्ह्यात मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून ट्रकात भरते. तिची मजुरी वेगळी नाही. खाडा झाला की पैसे कापतात. पाळीचं दुखणं, खाड्याची धास्ती, वर डॉक्टरनं घातलेली कॅन्सरची भीती. २०१९ साली सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली म्हणतात. मग उचल फिटेस्तोवर राबणं काय आहे? आपली कविता हा सवाल विचारत नाही. तिला कोयत्याची धार दिसते, मूठ धरणारी दिसत नाही.

विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४, सोळा वर्षं आपली माणसं लढली, मेली. नावाची किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक? त्याच आपल्या कवितेत ही बाई बिननावाची राहावी?

माझी ती कविता मी फाडली. तुम्हीही आपापली तपासा. अन् मुकादमाच्या वहीत दोन नावं, दोन मजुऱ्या मागायला चला.