पहिल्याच गोष्टीत सांगितलेला खुनी

दहा वर्षं रोज एक फळ. गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात, त्रिविक्रमसेन राजा दरबारात येऊन बसला की क्षांतिशील नावाचा एक भिक्षू येतो, राजाच्या हातावर फळ ठेवतो आणि काही न मागता निघून जातो. राजा ते फळ कोठाराच्या अधिकाऱ्याकडे देतो. एके दिवशी पाळलेलं माकड राखणदाराच्या हातून निसटून राजाजवळ येऊन बसतं. राजा सहज ते फळ त्याला देतो, माकड दातांनी फोडतं आणि आतून अमोल रत्न घरंगळतं. मग अधिकाऱ्याला विचारणा होते. तो म्हणतो, मी कोठाराचं दार कधी उघडलंच नाही, खिडकीतूनच फळं आत टाकत आलो. जाऊन पाहतात तो फळं केव्हाच कुजून गेलेली आणि जमिनीवर नुसता रत्नांचा ढीग.

मी चाकणला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो. आलेल्या मालाची इनवर्ड रजिस्टरला नोंद करायची, पेटी उघडून आतला माल चलनाशी ताडून पाहायचा आणि मगच सही करायची, हे माझं रोजचं काम. म्हणून असेल, कथासरित्सागरात हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्या खिडकीपाशीच थांबलो. दहा वर्षं माल आत येतोय, पाठवणाऱ्याचा हेतू ठाऊक नाही, आणि घेणाऱ्यानं एकदाही पेटी उघडलेली नाही. खुनाच्या कादंबरीचं इतकं पक्कं पहिलं प्रकरण मला दुसरं माहीत नाही.

होय, खुनाचीच कादंबरी. वेताळपंचविशीला आपण मुलांच्या कोड्यांच्या गोष्टी समजतो, त्याला कारण आहे. माझ्या पिढीला वेताळ भेटला तो चांदोबात. शंकर यांनी काढलेलं ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे: उपसलेली तलवार, खांद्यावर मढं, भोवती मसणवट. दर महिन्याला वेताळ नवी गोष्ट सांगायचा, राजा उत्तर द्यायचा आणि मढं परत झाडावर जाऊन लटकायचं. ती मालिका वर्षानुवर्षं चालली, पंचवीस गोष्टी संपल्या तरी नव्या रचून चालली. त्यामुळे बाहेरची गोष्ट कायम लोंबकळत राहिली. राजा हे मढं कोणासाठी नेतोय, त्या माणसाला ते कशाला हवंय, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? खुनाच्या कादंबरीतली मधली पानं आम्ही वाचली. पहिलं आणि शेवटचं प्रकरण आमच्या हाती आलंच नाही.

मराठीत हे पुस्तक जुनं आहे. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८३० साली वेताळपंचविशी मराठीत आणली, छापील मराठी गद्य अजून रांगत होतं तेव्हा. मी मात्र इथे अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवाच्या पाठाबद्दल बोलतोय, कारण बाहेरच्या आणि आतल्या गोष्टींची वीण त्याच्याइतकी घट्ट मला कुठे दिसली नाही.

रत्नं सापडल्यावर राजा भिक्षूला विचारतो, हे सगळं कशासाठी? भिक्षू म्हणतो, मला एक मंत्र सिद्ध करायचाय, त्यासाठी वीर पुरुषाची मदत हवी. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री राजा स्मशानात जातो. वडाखाली बसलेला भिक्षू सांगतो, दक्षिणेला शिसवीच्या झाडावर एक प्रेत टांगलेलं आहे, ते घेऊन या. या बोलण्यात एकही शब्द खोटा नाही. मंत्र सिद्ध करायचाय हे खरं, वीर पुरुष हवाय हेही खरं. तो वीर पुरुष नेमका कशाला हवाय, एवढंच सांगायचं राहिलंय. राजानं एकदा विचारलं, अर्धं उत्तर मिळालं आणि त्याचं समाधान झालं.

आता प्रेत खांद्यावर आहे, त्यातला वेताळ जागा झालाय आणि वाट सरावी म्हणून पहिली गोष्ट सांगतोय. ही गोष्ट फार सावकाश वाचावी.

वज्रमुकुट नावाच्या राजपुत्राला सरोवराकाठी एक मुलगी दिसते. ती बोलत नाही. कमळ कानाला लावते, दातांनी कसलीशी खूण करते, कमळ डोक्यावर ठेवते, हात हृदयावर. राजपुत्राला काही उमजत नाही. त्याचा मित्र, प्रधानाचा मुलगा बुद्धिशरीर, एकेक खूण सोडवतो. कान म्हणजे कर्णोत्पल राजाचं राज्य, दात म्हणजे हस्तिदंताचं काम करणाऱ्याची मुलगी, कमळ म्हणजे पद्मावती हे नाव, आणि हृदय म्हणजे तिचं मन. सत्यान्वेषी, गुप्तहेर, डिटेक्टिव्ह असे शब्द जन्मायच्या कितीतरी आधीचा हा डिटेक्टिव्ह आहे.

पण पुढे तो वेगळाच निघतो. आपल्या खुणा दुसऱ्याच कोणीतरी ओळखल्या हे कळल्यावर पद्मावती त्याच्यासाठी मिठाई पाठवते. तो ती आधी कुत्र्याला घालतो आणि कुत्रं मरतं. मग तो डाव उलटवतो. राजपुत्राला सांगून झोपलेल्या पद्मावतीच्या मांडीवर त्रिशूळाचा डाग उमटवतो आणि तिचा मोत्यांचा हार काढून आणवतो. त्याच सुमाराला कर्णोत्पल राजाचं तान्हं मूल वारलेलं असतं. बुद्धिशरीर तपस्व्याचा वेश घेऊन स्मशानात जाऊन बसतो, राजपुत्राला शिष्य बनवतो आणि हार विकायला पाठवतो. शिपाई पकडतात. तपस्वी शांतपणे सांगतो, रात्री स्मशानात चेटकिणी आल्या होत्या, एकीनं राजाचं मूल आणलं होतं, ती माझ्या जपमाळेवर झडप घालायला आली तेव्हा मी तिला त्रिशूळानं डाग दिला आणि तिचा हार घेतला. राजा एका म्हातारीला पाठवतो. डाग सापडतो. पद्मावतीला राज्याबाहेर हाकलतात, तिथून ते दोघे तिला घोड्यावर घालून घेऊन जातात. इकडे मुलीच्या दुःखानं आईबाप मरतात.

वेताळ विचारतो, त्या आईबापांच्या मृत्यूचं पाप कोणाला?

राजाचं उत्तर असं. प्रधानाच्या मुलानं मालकाचं काम केलं, प्रेमानं आंधळ्या झालेल्या जोडीला काही दिसत नव्हतं, पाप लागलं ते कर्णोत्पल राजाला, कारण त्यानं चौकशी केली नाही.

इथे मी पुस्तक मिटवून बराच वेळ बसलो होतो. दुसरी शिफ्ट सुटल्यावरची कंपनीची बस तळेगाव चौकातल्या गर्दीत उभी होती, आत सगळे माना टाकून झोपले होते. मला एकदम उमगलं की वेताळानं खुनी केव्हाच दाखवून दिलाय. गोष्टीत स्मशानात बसलेला खोटा तपस्वी आहे. बाहेर, त्याच रात्री, स्मशानात बसलेला दुसरा तपस्वी राजाची वाट पाहतोय. गोष्टीतला राजा तपस्व्याच्या शब्दावर विसंबला. बाहेरचा राजाही तपस्व्याच्या शब्दावर विसंबूनच आलाय. आणि वेताळाच्या प्रश्नाला उत्तर देताना त्रिविक्रमसेनानं स्वतःवरच निकाल दिलाय. दहा वर्षं फळं घेतलीस, चौकशी केलीस का? उत्तर बरोबर येतं, पण ते आपल्याला लागू आहे हे त्याला दिसत नाही. गोष्टीतल्या गोष्टीची खरी करामत हीच. आतली गोष्ट ही बाहेरच्या गोष्टीतला पुरावा असते. तो पुरावा ज्याचा जीव जायचाय त्याच्याच कानात सांगितला जातो आणि तो मात्र त्या गोष्टीकडे कोडं म्हणून पाहतो.

चाकणमध्ये राहून हा निकाल वाचताना आणखी एक गोष्ट आठवतेच. आमच्या किल्ल्याचं नाव निघालं की फिरंगोजी नरसाळ्यानं १६६० मध्ये शाइस्ताखानाशी दिलेली झुंज सगळे सांगतात, आणि ती सांगावीच. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी याच भिंतींत एक हत्याकांड झालं होतं. इतिहासकार फिरिश्त्यानं ते लिहून ठेवलंय. कोकणच्या मोहिमेत बहमनी सुलतानाची फौज मारली गेली. त्यातून वाचलेले परदेशी सरदार चाकणला येऊन राहिले. त्यांच्याशी वैर असलेल्या दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवलं की हे लोक फितूर झालेत. चाकणकरांची खरी पत्रं सुलतानापर्यंत पोचूच दिली नाहीत. वेढा पडला, मग माफीच्या शपथा झाल्या आणि शेवटी मेजवानीला बोलावून त्यांना कापून काढलं. त्यांच्यातला कासिम बेग काही अंतरावर तळ देऊन होता, तो निसटला आणि त्याच्याकडून खरी हकीकत सुलतानाला कळली. एक पत्र आलं, गोष्ट पटण्यासारखी होती, हुकूम सुटला. वेताळानं पाप कोणाला हे विचारलं असतं, तर त्रिविक्रमसेनानं हेच उत्तर दिलं असतं.

मी पाहिलेली गोष्ट याहून फार लहान आहे, पण जात तीच. पूर्वी मी एका ठिकाणी होतो, तिथे बेअरिंगची एक पेटी कमी भरली म्हणून एका हंगामी पोराला दुसऱ्या दिवसापासून गेटवरच थांबवलं. एक तक्रार आली होती, ती नीट लिहिलेली होती. रजिस्टर कोणी उघडलं नाही. महिन्याभरानं ती पेटी दुसऱ्या रॅकवर मिळाली, तोवर तो पोरगा गावी निघून गेला होता. तेव्हा मी काही बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते.

परत वाटेवर येऊ. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर जाईन, या अटीकडे रहस्यकथेच्या अंगानं पाहावं. एरवी रहस्यकथेत बरोबर उत्तर मिळालं की गुंता सुटतो. इथे प्रत्येक बरोबर उत्तरानं राजा पुन्हा झाडाकडे फेकला जातो. प्रत्येक फेरीत खुनी दूर राहतो आणि राजाचं मरण पुढे ढकललं जातं. वेताळ त्याला चुकवत नसतो, वाचवत असतो. मराठी वाचकाला हे आतून कळावं. पुण्याच्या वेताळ टेकडीपासून वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबापर्यंत आपला वेताळ भिववणारा कमी आणि राखणारा जास्त. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून आरवलीला त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात.

चोविसावी गोष्ट पाऊलखुणांची आहे. रानात बापलेकांना दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात, एक जोडी मोठी, एक लहान. ठरतं असं की मोठ्या पावलांची बापाची, लहान पावलांची मुलाची. गाठतात तेव्हा कळतं की मोठी पावलं मुलीची आहेत आणि लहान तिच्या आईची. शब्द दिलेला असतो, लग्नं तशीच होतात. मग दोन्हीकडे झालेल्या लेकरांचं एकमेकांशी नातं काय? राजा गप्प. पुरावा खरा, त्यावरून काढलेला अंदाज चुकीचा. रहस्यकथेच्या काळजाशी असलेली ही गोष्ट सोमदेवानं नेमकी शेवटाला ठेवलीय, राजाची हुशारी जिथे संपते तिथे.

अँथनी हॉरोविट्झची २०१६ सालची मॅग्पाय मर्डर्स मी यानंतर वाचली. संपादिका सुझन रायलंडच्या हाती ॲलन कॉनवे या लेखकाची रहस्यकादंबरी येते, तिचं शेवटचं प्रकरण गायब असतं, आणि ते शोधता शोधता बाहेरच्या जगातला मृत्यू उलगडू लागतो. बांधणी सुरेख आहे, आतला ॲटिकस प्यूंट आणि बाहेरची सुझन यांच्यातले धागे फार नेटके आहेत. पण सुझनचा शोध ही वाचकाची उत्सुकता आहे, तिला ते पान हवंय. त्रिविक्रमसेनाच्या बाबतीत पान गायब झाल्यामुळेच जीव वाचतो. उत्तर न सापडल्यामुळे तो मुका राहतो, आणि मुका राहिला म्हणून वेताळ पहिल्यांदाच गोष्ट सोडून सरळ बोलतो.

तो सांगतो, हा भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला लावील आणि तू आडवा झालास की तुझा बळी देईल. त्याला म्हण, मी राजा आहे, असा नमस्कार मी कधी घातलेला नाही, आधी तुम्ही दाखवा.

पहाटेच्या आधी राजा वडाखाली येतो. हाडांच्या चूर्णाचं मंडल आखलेलं आहे, मध्ये प्रेत ठेवलं जातं, पूजा होते. भिक्षू म्हणतो, आता आठही अंगं जमिनीला टेकवा. दहा वर्षं न पाहता फळ घेणारा हा राजा आता म्हणतो, कसं ते मला दाखवा. भिक्षू आडवा होतो. छाती, गुडघे, हात, कपाळ, सगळं मातीला टेकतं आणि त्याला वर काहीच दिसत नाही.