पातें एकाचें, मूठ दुसऱ्याची

जपानांत १८७६ सालीं तलवार लावून फिरण्यास बंदी झाली, तेव्हां मुठीवरील चकत्या व नक्षीचे तुकडे पात्यांपासून सुटून बाजारांत आले. असा जुना साज शोधून जुन्या पात्यास जुळविणें हें लबाडीचें काम काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आमच्या किन्हीराजासह साऱ्या वऱ्हाडावर ज्यांची चौथाई होती, त्या पहिल्या रघोजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनानें २०२५ सालीं लंडनच्या लिलावांतून मिळविली. तिचें पातें युरोपी, मूठ मात्र मुल्हेरी. आणि पात्यावरील सोनेरी देवनागरी लेख तिला उघड ‘फिरंग’ म्हणतो. परकें पातें लपविलेलें नाहीं, म्हणूनच ही जोड शोभते. आजच्या संग्राहकानेंही काय, केव्हां जोडलें हें लिहून ठेवावें. एरवीं हौसेची फसवणूक होण्यास वेळ लागत नाहीं.