बळसाणे येथील मंदिरसमूह : 'हेमाडपंती' संज्ञेची मर्यादा

साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मध्ययुगीन मंदिरांना सर्रास 'हेमाडपंती' म्हटले जाते. ही संज्ञा येथे दोन दृष्टींनी अपुरी ठरते. पहिली बाब कालाची. येथील मठाच्या दुरुस्तीची नोंद करणारा शिलालेख शके ११०६ (इ. स. ११८४) चा आहे. हेमाद्री मात्र यादव राजे महादेव व रामचंद्र यांच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील होता. अर्थात, त्याच्या कितीतरी आधी हा मठ दुरुस्तीस आला होता.

दुसरी बाब शैलीची. 'हेमाडपंती' म्हणजे चुन्याविना रचलेले दगड, असा अर्थ रूढ आहे. तो बांधणीचे तंत्र सांगतो, रूप सांगत नाही. एका मंडपास तीन गर्भगृहे जोडलेले येथील प्रमुख मंदिर भूमिज शैलीचे आहे. शिखराच्या मध्यावरील उभे लतापट्ट आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस चढत जाणाऱ्या लघुशिखरांच्या रांगा, हे या शैलीचे लक्षण. माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर, अंबरनाथचे शिवमंदिर व सिन्नरचे गोंदेश्वर याच परंपरेतील होत. माळवा आणि दख्खन यांना जोडणाऱ्या खानदेशाचे हे कलात्मक नाते रूढ संज्ञेमुळे झाकले जाते, आणि शिल्पकारांचे श्रेय एका मंत्र्याच्या नावे जमा होते. म्हणून या मंदिराची ओळख 'भूमिज' अशीच करून देणे अधिक न्याय्य ठरेल.