पहिल्या भेटीची जागा

विद्यार्थ्यांनी करावयाच्या प्रेमविनोदी चित्रपटाची चर्चा या पानांवर कशासाठी, असे कुणी विचारील. आपण वेदना, नकार, विद्रोह यांविषयी बोलावे. मुलगा आणि मुलगी प्रथम कोठे भेटतात याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असा एक सोवळा समज आपल्यातही रुजला आहे. मला तो मान्य नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म स्वजातिविवाहात आहे हे दाखवून दिले. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हणून मांडला. मग कोणी कोणाच्या प्रेमात पडावे हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा कसा राहील? प्रेमविनोदी चित्रपट जातिव्यवस्थेच्या नेमक्या मर्मस्थळी उभा असतो. मात्र बहुतेकदा त्याला त्याचा पत्ताच नसतो.

आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी पंधरा मिनिटांचा असा चित्रपट करू पाहत आहेत. पहिल्या प्रसंगाचे तीन आराखडे त्यांनी मला वाचावयास दिले. तिन्हींचा विचार येथे करतो, कारण या तीन आराखड्यांत आपल्या तरुण कलावंतांपुढचा सगळा पेच आला आहे.

पहिला आराखडा असा: पाऊस, कॉलेजचा व्हरांडा, धक्का, हातातली पुस्तके खाली, दोघे एकदम वाकतात, नजरानजर. हा प्रसंग हिंदी चित्रपटांनी इतका वापरला आहे की तो आता कुणाचाच राहिलेला नाही. पण माझा आक्षेप उसनवारीवर नाही. तो योगायोगावर आहे. योगायोग घडायला दोघांना वावरता येईल अशी जागा लागते. या समाजाने वस्ती गावकुसाबाहेर ठेवली, पाणवठा वेगळा केला, पंगत वेगळी केली, ती असे योगायोग घडू नयेत म्हणूनच! महाविद्यालयाचा व्हरांडा ही आपल्याला फुकट मिळालेली जागा नाही. तेथे धक्का लागू शकतो हेच मुळात एका चळवळीचे फळ आहे. ज्या प्रसंगाला आपल्या पायाखालच्या फरशीचा इतिहास ठाऊक नाही, तो सुंदर दिसेल. खरा होणार नाही.

पाश्चात्त्य दिग्दर्शकांना हे चांगले कळत होते. लुबिच यांच्या १९३८ च्या 'ब्लूबिअर्ड्स एट्थ वाइफ' या चित्रपटात एका दुकानात नायकाला पायजम्याचा फक्त वरचा सदरा हवा असतो, आणि नायिकेला नेमकी खालची विजार. हसू येते, पण त्या हशातच पैसेवाल्या माणसाचा हेका आणि पुढच्या भांडणाचे बीज दिसते. काप्रा यांच्या १९३४ च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये बापाच्या नौकेवरून उडी टाकून पळालेली श्रीमंत मुलगी बसमधल्या एका जागेसाठी बातमीदाराशी हुज्जत घालते. दोन्हीकडे नियम एकच: जो अडसर पुढे दोघांना छळणार, तो पहिल्याच प्रसंगात विनोदाच्या रूपाने हजर असला पाहिजे. तेथे अडसर पैशाचा होता. आपल्याकडे तो कशाचा, हे सांगावे लागू नये.

मराठीत नागराज मंजुळे यांनी २०१६ च्या 'सैराट'मध्ये हेच केले. सुरुवातीला क्रिकेटचा सामना आणि लाउडस्पीकरवरची चेष्टेखोर कॉमेंट्री आहे. प्रेक्षक पोट धरून हसतो. परंतु मासे धरणाऱ्या घरातला पोरगा मैदानात आणि पुढारी पाटील व्यासपीठावर, ही मांडणी त्या हशातच पक्की होते. अखेरीस जे रक्त सांडते त्याचा हिशेब सुरुवातीलाच लिहिलेला आहे.

विद्यार्थ्यांचा दुसरा आराखडा याच्या उलट टोकाचा. सूचनाफलकावर प्रवेशयादी लागली आहे, नावापुढे प्रवर्ग छापला आहे, आणि नायक कॅमेऱ्याकडे पाहून जातिव्यवस्थेवर दोन मिनिटे बोलतो. भाषण खरे आहे. पण प्रसंग मेलेला आहे. तमाशातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, मध्ये पेंद्या आणि मावशी. पहिल्या भेटीचा हा विनोद रंगवणारे बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी समाजांतले होते. पुढे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात प्रबोधन भरले. पण त्यांनी सोंगाड्याला हाकलून दिले नाही. जे माणूस हसून ऐकतो ते घरी घेऊन जातो, हे त्यांना माहीत होते. एक मात्र गवळणीतून घेऊ नये: पोरीची वाट अडवणे. तो विनोद नव्हे, ती दांडगाई आहे.

तिसरा आराखडा एका विद्यार्थिनीचा आहे आणि तोच मला मोलाचा वाटतो. महाविद्यालयाच्या कार्यालयाची खिडकी. एक रांग फीची, एक शिष्यवृत्तीची. अर्ज महाडीबीटीवर भरला, तरी कागदपत्रांच्या प्रती येथे द्यायच्या आहेत. खिडकीला दोऱ्याने बांधलेले एकच पेन, आणि दोरा आखूड. तिला चलन भरायचे आहे. त्याला झेरॉक्सवर सही करायची आहे. ओढाओढ होते. सही करताना तो डाव्या पंजाने कागद झाकतो. ती हसते: "सही करतोयस की कॉपी लपवतोयस?" पंजाखाली जातीचा दाखला आहे.

या एका हातात सगळा चित्रपट आहे. तिच्याजवळ झाकण्यासारखे काही नाही, म्हणून तिला तो विनोद सुचतो. दोष तिच्या मनाचा नाही, तिच्या जागेचा आहे.

आता वाद पुढचा. गटातल्या एकाने विचारले, बाबासाहेबांचा वारसा सांगणारा पोरगा दाखला झाकेल का? झाकेल. वर्गात आडनाव पुकारले जाताना ज्याने चार माना वळताना पाहिल्या आहेत, त्याचा हात आपोआप जातो. पण तो हात तेथेच राहिला तर कथा गुपिताची होईल. शेवटी गुपित फुटेल, नायिका मोठ्या मनाने क्षमा करील आणि प्रेक्षक तिच्या औदार्याला टाळ्या देतील. म्हणजे पुन्हा आपण उपकृत! म्हणून माझे म्हणणे असे की, तिच्या थट्टेनंतर त्याने स्वतःहून हात उचलावा, सही पुरी करावी आणि पेन तिच्याकडे सरकवावे. कॅमेऱ्याने दाखला जवळून दाखवू नये. तिने तो वाचला, एवढे तिच्या चेहऱ्यावर दिसले की पुरे. पहिल्याच प्रसंगात ती जाणते, आणि ती जाणते हे त्याला कळते. येथून पुढचे प्रेम बरोबरीचे होईल, अडेल तेही बाहेरच्या जगाशी. तिला मग क्षमा करायची नाही, बाजू घ्यायची आहे.

आपल्या लेखणीने रडणे आणि गर्जणे दोन्ही शिकवले. आपल्या पोरांना पडद्यावर प्रेमात पडायचे असेल, हसायचे असेल, तर तेही चळवळीबाहेरचे मानू नये. फक्त कोण कुणाला हसतो आहे, याचा हिशेब पहिल्या दृश्यापासून चोख ठेवावा.