ग्रंथ सादर करताना : लूक, स्टीफन्स आणि आपण

मराठी ख्रिस्ती समाजात लिहिणाऱ्यांची वाण आहे, अशी तक्रार आज कोणी करू नये. निवृत्त शिक्षक, गावोगाव हिंडलेले धर्मशिक्षक, धर्मभगिनी, संसार सांभाळून वह्या भरणाऱ्या माता, असे कितीतरी हात लिहीत आहेत. उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. लिहिलेला ग्रंथ परक्याच्या हाती देताना त्याची ओळख कशी करून द्यावी, हे आपण शिकलेलो नाही. हस्तलिखितासोबत प्रकाशकाकडे जाणारे पत्र किंवा पुस्तकाच्या आरंभी छापलेले मनोगत वाचून लेखकाचे शिक्षण कळते, त्याचे झालेले सत्कार कळतात, त्याने कोणाकोणाचे आभार मानले तेही कळते. ग्रंथ कशाविषयी आहे आणि तो कोणी का वाचावा, एवढेच कळायचे राहते. मग हस्तलिखित साभार परत येते, किंवा पदरमोड करून छापलेल्या प्रती धर्मग्रामाच्या कपाटात पडून राहतात. यात नुकसान एकट्या लेखकाचे होत नाही. एका गावाची, एका पिढीची आठवण त्या वहीबरोबर नाहीशी होते.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ग्रंथ सादर करण्याच्या काही जुन्या रीती तपासून पाहणार आहोत. त्या जुन्या असल्या तरी शिळ्या झालेल्या नाहीत.

पहिले उदाहरण आपल्या नित्य परिचयाचे आहे. मात्र या दृष्टीने आपण ते क्वचितच वाचतो. लूककृत शुभवर्तमानाच्या आरंभीची चार वचने मूळ ग्रीक भाषेत एकच वाक्य आहे. आपल्याआधी या विषयावर अनेकांनी लिहिले आहे, हे लूक त्यात मान्य करतो. ही माहिती प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आली आहे, आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला आहे आणि लेखन अनुक्रमाने केले आहे, असे तो सांगतो. शेवटी हे सारे कोणासाठी आणि कशासाठी, तेही सांगतो : थियफिलासाठी, आणि त्याला मिळालेल्या शिकवणीची त्याला खात्री पटावी यासाठी. आता लूकने काय सांगितले नाही ते पाहावे. तो वैद्य होता हे आपल्याला कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून कळते. स्वतःच्या ग्रंथात त्याने आपला व्यवसाय सांगितलेला नाही आणि नावही नाही. शिवाय आधीच्या लेखकांना तो कमी लेखत नाही. आपल्याकडे ‘मराठीत असा ग्रंथ प्रथमच’ हे वाक्य पत्रात हमखास असते. ते बहुधा खरे नसते, आणि जाणत्या संपादकाला ते तत्क्षणी कळते.

दुसरे उदाहरण मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील आहे. कुरेने येथील यासोन नावाच्या लेखकाने पाच खंडांत लिहिलेला इतिहास एका ग्रंथात आणण्याचे काम त्या अनामिक संक्षेपकाराने केले. दुसऱ्या अध्यायात तो आपल्या वाचकांची नावनिशी नव्हे, पण जातकुळी सांगतो : आनंदासाठी वाचणारे, पाठ करू इच्छिणारे आणि सर्वसाधारण वाचक. हे काम सोपे नव्हते, त्यासाठी घाम गाळावा लागला आणि रात्री जागाव्या लागल्या, हेही तो सांगतो. पण एवढ्यावरच थांबतो. प्रस्तावना लांबवायची आणि इतिहासच आखूड करायचा हा मूर्खपणा होईल, असा त्याचा अभिप्राय आहे. अठ्ठावीस पानांचे मनोगत आणि सत्तर पानांचा ग्रंथ अशी पुस्तके आपण पाहतो, तेव्हा या संक्षेपकाराची आठवण व्हावी.

आम्ही हा लेख लिहीत आहोत ते वालूर परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात आहे. येथील जुन्या बारवा पाहण्यास दूरचे लोक येतात, आणि गावाचे नाव वाल्मीकी ऋषींशी जोडणारी परंपरा ग्रामस्थ आदराने सांगतात. तेव्हा वाल्मीकींच्या ग्रंथाकडेही या प्रश्नाच्या निमित्ताने पाहणे उचित ठरेल. रामायण परंपरेने २४ हजार श्लोकांचे मानले जाते. त्याच्या पहिल्याच सर्गात वाल्मीकी नारदाला प्रश्न विचारतात, की अमुक अमुक गुणांनी युक्त असा पुरुष आज कोण आहे. आणि उत्तरादाखल नारद संपूर्ण कथा सुमारे १०० श्लोकांत सांगतात. प्रकाशक ज्याला सारांश म्हणतो, तो हाच. यातली लक्षात घेण्याजोगी बाब अशी की कथेचा शेवट येथे लपवून ठेवलेला नाही. राम राज्यावर बसतो येथपर्यंत सारे आरंभीच कळते, तरीही श्रोता उठून जात नाही. आपले अनेक कादंबरीकार मात्र उत्कंठा राहावी म्हणून प्रकाशकापासूनही शेवट दडवतात. वाचकाची उत्कंठा राखणे योग्यच आहे. परंतु जो आपले भांडवल घालून ग्रंथ छापणार, त्याला संपूर्ण घर दाखवलेच पाहिजे.

आता आपल्याच परंपरेतील थोर उदाहरणाकडे वळू. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ग्रंथ सादर करण्याच्या दृष्टीने त्याच्या पहिल्या अवस्वराचा आणि गद्य प्रस्तावनेचा आपल्या लेखकांनी अभ्यास करावा, असे आम्हांस वाटते.

पहिल्या अवस्वरात कवी एक प्रसंग सांगतो. धर्मशिक्षणाच्या वेळी एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का करून देत नाही? हा ग्रंथ मला लिहावासा वाटला, असे कवी म्हणत नाही. तो मागितला गेला, असे म्हणतो. या मागणीमागे दुःख आहे हेही विसरता येत नाही. साष्टीतील त्या माणसांच्या हातून ऐकण्या-वाचण्याचे जुने ग्रंथ गेले होते आणि सणासुदीच्या दुपारी त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. स्टीफन्स यांनी ती पोकळी झाकली नाही. तीच ग्रंथाचे कारण म्हणून पुढे ठेवली. पुढे ते मराठी भाषेची स्तुती करतात ती प्रसिद्धच आहे. स्तुती भाषेची आहे, आपल्या भाषाज्ञानाची नाही. परदेशात जन्मलेल्या कवीला स्वतःविषयी चार शब्द बोलण्याचा मोह सहज झाला असता.

गद्य प्रस्तावनेतील एक खुलासा तर फारच मोलाचा आहे. निव्वळ शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना समजत नाही हे पाहून आपण मागील कवीश्वरांचे अवघड शब्द सोडले, आणि जागोजागी ब्राह्मणांच्या भाषेतील, म्हणजे आज आपण जिला कोकणी म्हणतो तिच्यातील, सोपे शब्द मिसळले, असे ते सांगतात. वाचक कोण, त्याला काय कळते, आणि त्याच्यासाठी लेखकाने कोणती तडजोड जाणूनबुजून केली, हे तीन प्रश्न येथे एकत्र सुटतात. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ साली ग्रंथाच्या आवृत्त्या निघाल्या. त्या छापील प्रती आज हाती लागत नाहीत. लोकांनी हाताने नकलून ठेवलेल्या प्रतींमुळे ग्रंथ टिकला, आणि १९०७ साली जोसेफ सालढाणा यांना मंगळूर येथून तो पुन्हा छापता आला.

येथे परवानगी आणि शिफारस यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. ख्रिस्तपुराण छापण्यास धर्माधिकाऱ्यांची अनुमती घेण्यात आली होती. परंतु ग्रंथ घरोघर नकलला गेला तो त्या अनुमतीमुळे नव्हे. आजही आपले लेखक ‘इंप्रिमातुर’ अथवा बिशपांचे आशीर्वादपत्र पत्राच्या अग्रभागी ठेवतात. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार पवित्र शास्त्राच्या आवृत्त्या, उपासनेचे ग्रंथ आणि धर्मशिक्षणाची पुस्तके यांना अनुमती लागते. कथा, कविता, आठवणी यांना साधारणतः लागत नाही. आणि अनुमतीचा अर्थ, श्रद्धा व नीती यांना बाधक असे काही ग्रंथात आढळले नाही, इतकाच असतो. ग्रंथ चांगला लिहिला आहे, असे ती सांगत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकासमोर ती शिफारस म्हणून ठेवण्यात अनुमतीचाही मान राहत नाही आणि ग्रंथाचाही.

अलीकडच्या काळातही अनुकरणीय दाखले आहेत. बाबा पदमनजी यांच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीला जोडनाव आहे. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा विषय त्या जोडनावातच सांगितला असल्यामुळे पुस्तक न उघडताही तो कळतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, त्यापूर्वी ती नियतकालिकात क्रमशः आली होती. म्हणजे पुस्तकाला वाचक आधीच लाभले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली राजहंस प्रकाशनाने काढले आणि २०१३ साली त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्या नावातील ‘सुबोध’ हा एक शब्द मराठी वाचकाला दिलेले वचन आहे. २०२० च्या जानेवारीत आपल्या मराठवाड्यातील उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती लेखकासाठी मराठीचे अंगण केवढे मोठे आहे हे सर्वांनी पाहिले.

आता व्यवहाराकडे येऊ. समजा, एखाद्या वृद्ध धर्मशिक्षकाने १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्याचे पत्र बहुधा असे सुरू होईल : मी अमुक वर्षे सेवा केली, मला लेखनाची बालपणापासून आवड आहे, माझे लेखन आपणांस निश्चित आवडेल. त्याऐवजी त्याने असे लिहावे : ‘दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या आमच्या वस्तीची ही हकिकत आहे. मी त्या कामावर हजेरी घेत होतो. या दुष्काळावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हजेरीपटावरील माणसांच्या तोंडून मात्र थोडेच आले आहे. ग्रंथ सुमारे १६० पानांचा असून पूर्ण झाला आहे. पहिली दोन प्रकरणे व दोन पानांचा सारांश सोबत आहे.’ या मजकुरात लूकचे सारे मुद्दे आले आहेत, आणि लेखक कोण हे ग्रंथाला जेवढे हवे तेवढेच आले आहे. पत्र एका पानात संपावे. ज्याच्याकडे पाठवायचे, त्या प्रकाशकाची चार पुस्तके आधी वाचलेली असावीत. केवळ कविता छापणाऱ्याकडे आठवणी पाठवणे म्हणजे दोघांचाही वेळ दवडणे होय. आणि दुरुस्तीची तयारी असावी. ‘मौज’चे श्री. पु. भागवत यांच्यासारख्या संपादकांनी नामवंतांच्या हस्तलिखितांवरही परिश्रम घेतले. तेथे आपण आपल्या प्रत्येक शब्दाला अढळ समजू नये.

कोणी म्हणेल, की स्वतःच्या ग्रंथाविषयी असे बोलत सुटणे ख्रिस्ती नम्रतेला शोभते काय? हा प्रश्न आमच्यापुढे अनेकदा येतो, आणि तो प्रामाणिक असतो. परंतु ज्यांना आपण नम्र समजतो, त्यांचीच पत्रे ‘मी’ या शब्दाने भरलेली असतात, हे ध्यानात घ्यावे. नम्र माणूस स्वतःविषयी थोडे बोलतो. आपल्याजवळ सोपवलेल्या गोष्टीविषयी मात्र त्याला स्पष्ट बोलावेच लागते. दिवा मापाखाली ठेवू नये, ही प्रभूची शिकवण दिव्यासंबंधी आहे, दिवा धरणाऱ्या हाताच्या कौतुकासंबंधी नाही.

वाचकहो, तुमच्या घरी अशी एखादी वही असेल, आजोबांची किंवा आईची, तर ती बाहेर काढा. ती कशाविषयी आहे, कोणाला हवी आहे आणि ती लिहिण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला कसा प्राप्त झाला, एवढे एका पानावर साध्या मराठीत लिहून पाहा. ते पान जमले, तर वही परक्याच्या हाती देण्यास संकोच वाटणार नाही. जमले नाही, तर अजून काय लिहायचे राहिले आहे तेही त्याच पानावरून कळेल.